बेकारी भत्त्याची पोच

महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेल्या योजनेला त्याने कायद्याचे बळ दिले. ग्रामीण भागातील प्रौढाने अकुशल काम मागितल्यास ते पंधरा दिवसांत मिळावे, न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात होते.

पण हे पंधरा दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे?

भत्त्याचा सारा वाद येथे येऊन थांबतो. तोंडी मागणीला तारीख नसते. म्हणून महाराष्ट्रात नमुना ४ मधील अर्जाला नमुना ५ ची दिनांकित पोच जोडली गेली. ती हाती नसेल, तर कागदोपत्री काम मागितलेच गेले नाही. अर्ज नाकारण्यापेक्षा पोच न देणे सोपे, हे उघड आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ही ओढ आणखी वाढवली: अकुशल मजुरीचा भार केंद्रावर, भत्त्याचा मात्र राज्यावर. भत्ता पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, पुढे किमान निम्मा.

नाशिक जिल्ह्यात या पोचीचे मोल विशेष. पेठ, सुरगाण्याची आदिवासी कुटुंबे भाताची कापणी उरकली की निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांकडे निघतात. गावात काम मिळाले असते, तर कित्येकांनी घर सोडलेच नसते. आता समजा, सोळाव्या दिवशी कुटुंब निघाले आणि विसाव्या दिवशी कामाचे पत्र आले. २००५ च्या कायद्याचे कलम ९ सांगते की, कळवल्यापासून पंधरा दिवसांत कामावर न येणाऱ्याचा भत्त्याचा हक्क तीन महिने जातो. म्हणजे कामाअभावी झालेले स्थलांतर कागदावर ‘मजूर आला नाही’ असे उमटू शकते. पत्र खरोखर पोचले का, कोणाच्या हाती पडले, हे विचारल्याशिवाय असा दावा निकाली काढणे अन्यायाचेच.

पोच नसलेल्या मजुराला मग साक्षीदार शोधावे लागतात. येथे योजनेचीच एक जुनी अट त्याच्या उपयोगी पडते. नवे काम सुरू करण्यास किमान पन्नास मजूर लागत, म्हणून मागणी बहुधा जमावाने होई. त्या दिवशी सोबत कोण होते, हे शेजाऱ्यांना आठवते. जॉबकार्डावरील कोऱ्या रकान्यांशी आणि हजेरीपटाशी ही जबानी ताडून पाहता येते. २००५ च्या कायद्याने ही पडताळणी सामाजिक अंकेक्षणाच्या रूपाने ग्रामसभेकडे सोपवली. अडचण एवढीच की, द्राक्षांच्या हंगामात ग्रामसभा भरली, तर तेच साक्षीदार बागेत असतात.