सोळावे वर्ष आणि ‘डोमपास’

१/ वयात येणे म्हणजे सामान्यतः हक्कांचा विस्तार. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय तरुणासाठी त्याचा अर्थ नेमका उलटा होता.

२/ १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाची वंशानुसार नोंद सक्तीची केली. १९५२ चा एक कायदा नावापुरता पास रद्द करणारा होता. प्रत्यक्षात त्याने सोळा वर्षांवरील कृष्णवर्णीयांवर ‘संदर्भ पुस्तिका’ लादली. छायाचित्र, करभरणा, मालकाची सही, सारे तीत असे. ती जवळ नसली की अटक. लोक तिला ‘डोमपास’, म्हणजे मूर्ख पास, म्हणत.

३/ परवान्याविना शहरात ७२ तासांहून अधिक राहता येत नसे. शहरात हक्काने राहणाऱ्याच्या मुलाला वडिलांच्या आधारे सूट मिळे, पण कर लागू होण्याच्या वयापर्यंतच, म्हणजे अठरापर्यंत. पुढे स्वतःचा हक्क सिद्ध झाला नाही, तर बापाच्या घरातच मुलगा बेकायदेशीर ठरे.

४/ ९ ऑगस्ट १९५६ रोजी प्रिटोरियात सुमारे २०,००० स्त्रियांनी पासविरोधी मोर्चा काढला. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पास कायद्यांच्या निषेधार्थ जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. अधिकृत नोंदीनुसार ६९ जण ठार झाले. हे कायदे रद्द झाले ते थेट १९८६ मध्ये.

५/ मताधिकार त्यानंतरही दूरच होता. गोरे मालक केस पिकलेल्या कामगारालाही ‘बॉय’ म्हणत. कायदाही त्याला प्रौढ नागरिक मानत नव्हता. एप्रिल १९९४ च्या निवडणुकीत अठरा वर्षांच्या नातवंडांसोबत आजी-आजोबांनीही आयुष्यातले पहिले मत दिले. नेल्सन मंडेला तेव्हा ७५ वर्षांचे होते. त्यांचेही ते पहिलेच मत.