कावीळ एक, विषाणू अनेक

नाणेघाटाच्या माथ्यावर कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. कोकणातून घाट चढून जुन्नरकडे येणारे सातवाहनकाळातील व्यापारी तेथे तहान भागवत असतील. प्रवास आणि पाणी यांची गाठ आपल्या भागात इतकी जुनी आहे. आजही शिवनेरी, लेण्याद्री पाहायला किंवा मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरला माणसे येत असतात. त्यांत परदेशी पाहुणा असेल, तर तो बहुधा ‘अ’ प्रकारच्या काविळीची लस टोचून आलेला असतो. आपण मात्र मुलांची सहल काढताना या लसीचा विचारही करत नाही. हा निष्काळजीपणा आहे, की त्यामागे काही कारण आहे? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे इतिहासात डोकवावे लागेल.

मुळात कावीळ हा एक रोग नव्हे, ते लक्षण आहे. यकृताला सूज आली की पित्तातील पिवळे रंगद्रव्य रक्तात साठते आणि डोळे, त्वचा पिवळी दिसू लागते. ही सूज वेगवेगळ्या विषाणूंमुळे येऊ शकते, हे समजायला मात्र फार काळ लागला.

नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेतून वझिराबादच्या पाणीपुरवठ्यात शिरले. तेथील कर्मचाऱ्यांनी तुरटी आणि क्लोरीन यांचे प्रमाण वाढवले. त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही. पण काही आठवड्यांनी सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. जीवाणूंना रोखणारी मात्रा या विषाणूला पुरली नव्हती. दूषित पाण्यातून पसरते ती कावीळ एकाच प्रकारची, अशी तेव्हा समजूत होती. त्यामुळे ही साथही त्याच खात्यात जमा झाली.

१९७३ साली अमेरिकेत ‘अ’ विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आणि पुढे त्याची रक्तचाचणी उपलब्ध झाली. दिल्लीच्या साथीतील काही रुग्णांच्या रक्ताचे नमुने सुदैवाने जपून ठेवलेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील डॉ. खुर्शेद पावरी व त्यांचे सहकारी आणि अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट पर्सेल यांचा गट यांनी मिळून हे नमुने तपासले. १९८० साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दिल्लीची साथ ‘अ’ विषाणूची नव्हती आणि ‘ब’ विषाणूचीही नव्हती! त्याच वर्षी डॉ. मोहम्मद खुरू यांनी काश्मीरमधील साथीच्या अभ्यासावरून असेच अनुमान काढले.

मग हा तिसरा कोण? १९८३ साली रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन केला. त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्याच विष्ठेत नवा विषाणू सापडला. तोच ‘ई’ विषाणू. बहुतेकांचा हा आजार आपोआप बरा होतो; पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो जिवावर बेतू शकतो.

आता लसीकडे वळू. लस विशिष्ट विषाणूला ओळखायला शरीराला शिकवते. ‘कावीळ’ या लक्षणाविरुद्ध लस नसते. ‘ब’ची लस १९८१ मध्ये आली. हा विषाणू रक्तातून पसरतो, पाण्यातून नव्हे. २०११ पासून ती देशभरातील बालकांच्या लसीकरणात आहे. ‘अ’ची लस १९९०च्या दशकाच्या आरंभी युरोपात वापरात आली आणि प्रवाशांच्या यादीत जाऊन बसली. ‘ई’ची लस चीनने २०११ साली मान्य केली, आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही.

परदेशी पाहुण्याला ‘अ’ची लस लागते, कारण त्याच्या देशात हा विषाणू दुर्मीळ आहे आणि मोठेपणी झालेला आजार त्रासदायक असतो. आपल्याकडे पूर्वी बहुतेक मुलांना तो अगदी लहानपणीच गाठत असे. त्या वयात डोळे सहसा पिवळेही होत नाहीत आणि प्रतिकारशक्ती मात्र जन्मभर टिकते. आपल्याला लसीची आठवण होत नसे, त्याचे कारण हेच. पण पुण्यातील पाहण्यांतून असे दिसले, की विसाव्या शतकाच्या अखेरीस सुखवस्तू घरांतील मुलांमध्ये ही बालपणीची लागण कमी होत गेली. स्वच्छ पाण्यावर वाढलेला विद्यार्थी वसतिगृहात राहायला जातो, तेव्हा ‘अ’च्या बाबतीत तोही परदेशी पाहुण्यासारखाच असतो. अशा मुलांच्या लसीविषयी डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा.

‘ई’ मात्र तरुण व प्रौढ माणसांनाच अधिक गाठतो. २०१२ साली इचलकरंजीत त्याची मोठी साथ आली. तेथे ‘अ’ची लस टोचलेला पाहुणा आणि लस न घेतलेला रहिवासी दोघे सारखेच असुरक्षित होते. दोघांना एकच उपाय : सांडपाण्यापासून दूर राखलेले आणि शंका आल्यास खळखळ उकळलेले पाणी.

वर्गात एक साधी कृती करता येईल. लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत ‘अ’मध्ये साधारण चार आठवडे, तर ‘ई’मध्ये साधारण सहा आठवडे जातात. दिनदर्शिका घेऊन आजच्या तारखेपासून तितके दिवस मागे मोजा. त्या दिवशी आपण कोठे होतो, कोणते पाणी प्यालो, हे मुलांना आठवते का पाहा. बहुतेकांना आठवणार नाही. म्हणूनच साथीचा उगम शोधणे अवघड जाते आणि पाण्याची चौकशी ते पिण्यापूर्वी करावी लागते. त्याची सुरुवात शाळेच्या टाकीपासून करायला काय हरकत आहे?