तुम्ही पाहिलेला पक्षी खरा कशावरून?



आजच्या भागाचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, हा कसला इतिहास? ना राजे, ना लढाया. विषय आहे एक छंद, पक्षी बघण्याचा. या छंदातले नियम कुणी केले, चुका कुणी शोधल्या आणि एक पैसा न घेता हे काम करणाऱ्या माणसांचं बाकीच्यांनी का ऐकायचं, एवढंच आज बघायचं आहे. ही गोष्ट सिमल्यात सुरू होते, खानदेशात तिला वळण लागतं आणि बेंगळुरूला येऊन ती स्थिरावते.

आधी आजची परिस्थिती सांगतो. समजा, तुम्ही बेंगळुरूत राहता. रविवारी सकाळी लालबागेत गेलात, दोन तास हिंडलात आणि दिसलेल्या पक्ष्यांची यादी मोबाइलवरून ई-बर्डवर टाकलीत. ई-बर्ड म्हणजे जगभरातल्या पक्षीनिरीक्षकांची सामायिक नोंदवही. चार दिवसांनी एक निरोप येतो : "आपल्या यादीतला अमुक पक्षी या भागात या महिन्यात सहसा दिसत नाही. फोटो आहे का? नसल्यास तो कसा ओळखला, ते लिहाल का?"

निरोप नम्र असतो, तरी पुष्कळांना तो झोंबतो. 'मी वीस वर्षं पक्षी बघतोय, हा कोण विचारणारा?' हा विचारणारा म्हणजे रिव्ह्यूअर, आपल्या भाषेत तपासनीस. तोही तुमच्यासारखाच हौशी. दिवसा नोकरी करतो, रात्री जेवण झाल्यावर लोकांच्या नोंदी तपासतो. त्याला पगार नाही. मग तो हा प्रश्न का विचारतो? त्याचं उत्तर दीडशे वर्षं मागे आहे.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेमुळे ओळखतो. पण 1885च्या आधीचे ह्यूम हे हिंदुस्थानातल्या पक्षी-अभ्यासाचे अनभिषिक्त राजे होते. त्यांनी 1872मध्ये 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक सुरू केलं. देशभरातले अधिकारी त्यांना पक्षी मारून पाठवत आणि त्यांची टिपणं त्या नियतकालिकात छापून येत. पुढे ह्यूम यांनी आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला, तेव्हा त्यातल्या नमुन्यांची संख्या ऐंशी हजारांच्या आसपास होती.

त्या काळचा हिशेब सरळ होता. गोळीत सापडला तो पुरावा, सुटला ती अफवा. पक्ष्याची कातडी काढायची, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि मारणाऱ्याचं नाव. हा पुरावा भक्कम वाटतो. पण त्यात एक मोठं भोक आहे. पक्षी कोणता, हे कातडी सांगते. तो कुठे आणि केव्हा सापडला, हे मात्र फक्त चिठ्ठी सांगते. आणि चिठ्ठी माणूस लिहितो.

आता खानदेशात जाऊ.

1873मध्ये ह्यूम यांनी एका लहान घुबडाचं वर्णन प्रसिद्ध केलं. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. 1880च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे काही नमुने गोळा केले. 1884नंतर मात्र हा पक्षी जणू गडप झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने. त्यातला एकच विसाव्या शतकातला. चिठ्ठी म्हणत होती : गुजरातेतलं मांडवी, 1914. खाली नाव होतं रिचर्ड माइनर्टझहागेन यांचं.

हे गृहस्थ म्हणजे ब्रिटिश सैन्यातले कर्नल, गुप्तहेर, लेखक आणि नामांकित पक्षीतज्ज्ञ. अशा माणसाची चिठ्ठी कोण तपासणार? त्यांच्याबद्दल लंडनच्या संग्रहालयात दबक्या आवाजात शंका होत्या, पण त्या दबक्याच राहिल्या. आणि ही सर्वांत अलीकडची नोंद असल्यामुळे रानपिंगळ्याचा शोध भलत्याच ठिकाणी होत राहिला.

1990च्या दशकात अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. प्रत्येक माणसाची कातडी भरण्याची, शिवण्याची एक पद्धत असते. हा नमुना दुसऱ्यांदा भरलेला होता आणि आत सापडलेल्या खुणा डेव्हिडसनच्या हाताशी जुळत होत्या. म्हणजे कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला खानदेशी नमुना चोरला, नव्याने शिवला आणि स्वतःच्या नावाची खोटी चिठ्ठी लावली. हा एकच नमुना नव्हे, त्यांच्या कित्येक नोंदी अशाच निघाल्या.

मग रासमुसेन यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि फक्त खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरून शोध घेतला. नोव्हेंबर 1997मध्ये, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या सहकाऱ्यांबरोबर असताना त्यांना रानपिंगळा दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. 113 वर्षांनी एक पक्षी 'परत' आला. खरं तर तो कुठे गेलाच नव्हता. पुढे मेळघाटात सापडला, 2014मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही.

ही गोष्ट मी सविस्तर सांगितली, कारण आजच्या विषयाचं मर्म तिच्यात आहे. एका खोट्या नोंदीने एका पक्ष्याची कित्येक वर्षं खाल्ली. त्या वर्षांत सातपुड्यातलं जंगल तुटत होतं आणि तिथे काय हरवतंय, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आणि ही नोंद टिकली कशामुळे? सहीखालच्या हुद्द्यामुळे. नोंद तपासायच्या ऐवजी लोकांनी माणूस पाहिला.

आता बंदूक मागे पडते आणि दुर्बीण पुढे येते. 1941मध्ये सालिम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं आणि सामान्य माणसाला पक्षी ओळखायची सोय झाली. 1960मध्ये झफर फतेहअली यांनी मुंबईत 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' सुरू केलं. सायक्लोस्टाइल केलेली थोडकी पानं आणि मोजके वर्गणीदार. पण त्या पानांत एक नवी गोष्ट होती. देशात कुठेही राहणारा हौशी माणूस आपलं निरीक्षण लिहून पाठवू शकत होता आणि दुसरा वाचक पत्र लिहून त्याला विचारू शकत होता, 'अहो, हे कसं काय?' तपासणीचं काम संग्रहालयाच्या बंद खोलीतून वाचकांच्या पत्रांत आलं. फतेहअलींनी हे पत्रक 2003पर्यंत संपादित केलं. स्वतः ते पुढे बेंगळुरूला राहायला गेले आणि पत्रकही तिथून निघू लागलं.

बेंगळुरूत जमीन तयार होतीच. 1970च्या दशकात डॉ. जोसेफ जॉर्ज यांच्या पुढाकाराने तिथे बर्डवॉचर्स फील्ड क्लब उभा राहिला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लालबागेत जमायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्याच सुमारास, 1972मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला. पक्षी मारून पुरावा देण्याचा रस्ता हौशी माणसाला कायद्यानेच बंद झाला. आता पुरावा म्हणजे डोळे, वही आणि शेजारी उभा असलेला माणूस.

अशा मंडळांमधले नियम कागदावर नसतात, ते अंगवळणी पडलेले असतात. पक्षी दिसला की आधी वहीत वर्णन लिहा, मग पुस्तक उघडा. कारण पुस्तकातलं चित्र एकदा पाहिलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं. खात्री नसेल तर 'वटवट्या, जात अनिश्चित' असं लिहायला लाजू नका. ज्येष्ठांनी चूक दाखवली तर राग मानू नका आणि नवख्याने ज्येष्ठांना विचारलं तर त्यांनीही मानू नये. याच पद्धतीतून 1994मध्ये क्लबने बेंगळुरूच्या पक्ष्यांची टिपणांसह सूची प्रसिद्ध केली. संपादक होते जोसेफ जॉर्ज. एका शहराच्या हौशी लोकांनी एकमेकांना प्रश्न विचारत केलेलं हे काम.

मग इंटरनेट आलं. 2007मध्ये बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधून 'मायग्रंटवॉच' सुरू झालं. स्थलांतरी पक्षी तुमच्या गावात कधी आला आणि कधी गेला, हे देशभरातल्या लोकांनी कळवायचं. अमेरिकेत 2002मध्ये सुरू झालेलं ई-बर्ड 2010पर्यंत जगभर खुलं झालं होतं. 2014च्या सुमारास 'बर्ड काउंट इंडिया' या संस्थांच्या आणि गटांच्या समूहाने ते भारतात रुजवलं.

आता अडचण बघा. लालबागेत तुमच्या शेजारी माणूस उभा होता. आता नोंद करणारा गडचिरोलीत आणि वाचणारा बेंगळुरूत. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. विश्वास ठेवायचा कशावर? म्हणून नियम लिहावे लागले. त्यांतले तीन मला फार महत्त्वाचे वाटतात.

पहिला नियम, पूर्ण यादी. यादी पाठवताना एक प्रश्न येतो : तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी यात आहेत का? लोकांना वाटतं, ही औपचारिकता. पण सगळं मर्म इथे आहे. तुम्ही फक्त दुर्मीळ पक्षी लिहिले आणि कावळा-चिमणी गाळल्या, तर चिमणी नव्हती की तुम्ही लिहिली नाही, हे कळणार कसं? 'दिसलं नाही' हीसुद्धा माहिती असते, पण यादी पूर्ण असेल तरच.

दुसरा नियम, चाळणी. प्रत्येक भागासाठी, प्रत्येक महिन्यासाठी, कोणता पक्षी किती संख्येने अपेक्षित आहे याची मर्यादा स्थानिक जाणकार ठरवतात. त्यापलीकडची नोंद आपोआप तपासणीला जाते. चाळणी स्थानिकच का हवी? चातकाचं उदाहरण घ्या. आपल्याकडे आणि उत्तरेत चातक पावसाबरोबर येतो. दक्षिण भारतात मात्र वर्षभर मुक्काम करणारे चातकही आहेत. विदर्भातला भर जानेवारीतला चातक म्हणजे चौकशीचा विषय, दक्षिणेत कदाचित नाही. एका गावाचा नियम दुसऱ्या गावाला लावला, तर खरं बोलणारा माणूस खोटा ठरेल.

तिसरा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. न पटलेली नोंद फाडून टाकत नाहीत. ती तुमच्या स्वतःच्या यादीत तशीच राहते, फक्त सामायिक नकाशात आणि अभ्यासात घेतली जात नाही. तपासनीस तुम्हाला खोटारडा म्हणत नाही. तो म्हणतो, 'एवढ्या पुराव्यावर मला हे इतरांसमोर ठेवता येत नाही.' उद्या फोटो मिळाला, तर निकाल बदलू शकतो.

या खटाटोपातून निघालं काय? फेब्रुवारी 2020मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. साडेपंधरा हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून जास्त नोंदी आणि त्यांवरून 867 जातींचा आढावा. 101 जातींबद्दल तीव्र चिंता व्यक्त झाली. आणि चिमणी? ती देशभरातून संपत चालल्याची ओरड होती. अहवालाने दाखवलं, की देशाचा एकूण विचार करता तिची संख्या साधारण स्थिर आहे, पण मुंबई-बेंगळुरूसह सहा महानगरांत ती घटते आहे. म्हणजे दुखणं शहरांचं आहे. हे कुणामुळे कळलं? रोजची मामुली चिमणी यादीत लिहिणाऱ्यांमुळे आणि त्या याद्या निवडत बसलेल्या तपासनिसांमुळे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याच्या हाती चाळणी, त्याच्या हाती सत्ता. ती बिनपगारी असली म्हणून निर्धोक होत नाही. पहिल्यांदाच यादी पाठवलेल्या एखाद्या शाळकरी मुलीला चौकशीचा कोरडा इंग्रजी निरोप आला, तर ती पुन्हा यादी पाठवणार नाही. गावातल्या माणसाकडे भारी कॅमेरा नसतो. फोटोलाच पुरावा मानलं, तर ज्याची लेन्स मोठी त्याचा शब्द खरा, असं होईल. भाषेचा गुंता वेगळाच. भारद्वाजाला कुठे कुंभारकावळा म्हणतात, कुठे कुक्कुडकोंबा, कुठे सोनकावळा. तीन नावं सांगणारे तिघेही बरोबर असतात. तपासणाऱ्याला पक्ष्यांइतकीच माणसंही ओळखता यावी लागतात.

म्हणून माझं मत असं, की अशा ठिकाणचा नियम चांगला की वाईट, हे दोन गोष्टींवरून ठरवावं. एक, तो सगळ्यांना सारखा लागतो का? नवख्याला जो प्रश्न, तोच तज्ज्ञाला आणि तोच खुद्द तपासनिसालाही. दोन, नोंद नाकारली तर कारण सांगितलं जातं का आणि फेरविचाराला दार उघडं असतं का? या दोन्ही गोष्टी असतील, तर तपासणी म्हणजे अपमान नव्हे.

माइनर्टझहागेनना वेळीच कुणी एवढंच विचारलं असतं, 'साहेब, हा पक्षी कसा मिळाला, जरा सविस्तर लिहाल का?', तर शहाद्याच्या रानपिंगळ्याकडे कदाचित दोन पिढ्या आधी कुणाचं तरी लक्ष गेलं असतं. त्यांना कुणी विचारलं नाही. तुम्हाला विचारलं जातं, याचा अर्थ तुमची नोंद कुणीतरी मनावर घेतली आहे. तेव्हा पुढच्या वेळी तो निरोप आला, की दोन ओळी नीट लिहून उत्तर द्या.

आजच्यापुरतं एवढंच.