देहविक्रय, कायदा आणि अमेरिकेचे जनमत

अमेरिकेत देहविक्रयाला गुन्हा मानायचे की नाही, हे प्रत्येक राज्य ठरवते. नेवाडातील काही ग्रामीण काउंट्या वगळल्या, तर हा व्यवहार आजही सर्वत्र कोणत्या ना कोणत्या स्वरूपात दंडनीय आहे. लास व्हेगासमध्ये तो कायदेशीर असल्याची समजूत मराठी पर्यटकांतही आढळते. ती चुकीची आहे. १९७१ पासून नेवाडात कमी लोकसंख्येच्या काउंट्यांनाच परवाने देण्याची मुभा आहे आणि लास व्हेगास ज्या क्लार्क काउंटीत येते, ती या मर्यादेबाहेर आहे.

जनमताचा अंदाज घेताना प्रश्न कसा विचारला गेला, हे आधी पाहावे लागते. ‘कायदेशीर मान्यता’ म्हणजे नेवाडासारखी परवाने, तपासण्या आणि सरकारी देखरेखीची व्यवस्था. गुन्ह्यांच्या यादीतून वगळणे ही निराळी गोष्ट. तिचे उदाहरण न्यूझीलंड, २००३. तिसरा मार्ग स्वीडनचा (१९९९): विकणारी व्यक्ती निर्दोष, विकत घेणारा गुन्हेगार. ‘डेटा फॉर प्रोग्रेस’ या पुरोगामी कल असलेल्या संस्थेच्या २०२० च्या पाहणीत ५२ टक्के मतदारांनी गुन्ह्यातून वगळण्यास पाठिंबा दिला. तरुणांत तो अधिक होता. परंतु त्यातील कितीजणांच्या मनात तिसरा मार्ग होता, हे अशा एका आकड्यावरून कळत नाही.

मतपेटीचा कौल अधिक सावध आहे. उदारमतवादाचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या बर्कलीच्या मतदारांनी २००४ मध्ये सुधारणेचा प्रस्ताव फेटाळला. सॅन फ्रान्सिस्कोने २००८ मध्ये तेच केले. याउलट नेवाडाच्या ग्रामीण, रिपब्लिकन वळणाच्या लायन काउंटीत २०१८ साली कुंटणखाने बंद करावेत का, असे विचारले असता मतदारांनी मोठ्या बहुमताने नकार दिला. तेथे हा प्रश्न तत्त्वाचा उरला नव्हता. तो शेजारचा परवानाधारक धंदा आणि काउंटीचा महसूल होता.

ऱ्होड आयलंडची कथा तर अपघाताची आहे. १९८० च्या दुरुस्तीत राहिलेली त्रुट २००३ मध्ये न्यायालयात उघड झाली आणि बंद दाराआडचा देहविक्रय तेथे गुन्हा उरला नाही. विधिमंडळाने २००९ मध्ये ती बुजवली. स्कॉट कनिंगहॅम आणि मनीषा शाह या अर्थशास्त्रज्ञांनी या सहा वर्षांची आकडेवारी तपासली, तेव्हा बलात्काराच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी आणि स्त्रियांमधील परम्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हा अभ्यास समर्थक वारंवार पुढे करतात. विरोधकांचा भर मानवी तस्करीवर असतो, आणि राजकारणात तोच मुद्दा जिंकतो: देहविक्रयाला चालना देणाऱ्या संकेतस्थळांना जबाबदार धरणारा २०१८ चा संघीय कायदा सेनेटमध्ये ९७ विरुद्ध २ मतांनी संमत झाला.

मेन राज्याने २०२३ मध्ये देशात प्रथमच विक्री गुन्ह्यातून वगळली, खरेदी मात्र दंडनीय ठेवली. न्यूयॉर्कमध्ये पूर्ण मुक्ती आणि स्वीडनचा मार्ग सुचवणारी दोन प्रतिस्पर्धी विधेयके पुढे आली आहेत. स्त्रीवादी चळवळच येथे दुभंगली आहे.

या वादाची झळ सांगलीपर्यंतही पोहोचली होती. २००३ च्या अमेरिकी कायद्याने एचआयव्ही-निर्मूलनाचा निधी घेणाऱ्या संस्थांना देहविक्रयविरोधी प्रतिज्ञा बंधनकारक केली. ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’सोबत काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेने २००५ मध्ये प्रतिज्ञेऐवजी निधी सोडला. त्याच वर्षी ब्राझीलने चार कोटी डॉलर नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमेरिकी संस्थांना या अटीतून मोकळे केले, पण परदेशी संस्थांना ती लागू राहील, असे २०२० मध्ये ठरवले.

स्थलांतराचा कायदाही संघीयच आहे. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात गेल्या दहा वर्षांतील देहविक्रयाबद्दलचा प्रश्न असतो. बहुतेक मराठी अर्जदार तो न वाचताच ‘नाही’वर खूण करतात. ज्याचे उत्तर ‘होय’ असेल, त्याला प्रवेश नाकारण्यासाठी न्यायालयात दोष सिद्ध झालेला असण्याची गरज नसते. तो व्यवहार जेथे घडला तेथे कायदेशीर होता, हा बचावही सहसा चालत नाही.