ओवी राहिली, बाईचं नावही राहू द्या

गटाच्या कामानं आम्ही गावोगाव फिरतो. बहुतेक घरी जातं अजून आहे, पण ते अंगणाच्या कोपऱ्यात पालथं पडलेलं असतं. पिठाची गिरणी आली आणि बाईचे हात मोकळे झाले. ते चांगलंच झालं. पहाटे उठून पायली-पायली दळणं काय असतं, ते आपल्या आज्यांना विचारा. मात्र जात्याची घरघर थांबली तशी त्यावरची ओवीही थांबली. त्या ओव्या कुठं गेल्या आणि कुणी जपल्या, तो इतिहास आज सांगतो.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे जोडपं राहत होतं. गी मूळचे फ्रान्सचे, पुढं भारताचे नागरिक झाले. डोंगरातल्या गरीब बायांबरोबर काम करताना दोघांच्या ध्यानात आलं, की सभेत तोंड न उघडणारी बाई जात्यावर सगळं बोलते. सासरचा जाच, माहेरची ओढ, भाऊ, लेक, सीतेचा वनवास, पंढरीची वाट, सगळंच. हे बोलणं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग त्यांनी आणि गावातल्या कार्यकर्त्यांनी ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या 1,000 हून जास्त गावांतून, 3,000 हून जास्त बायांकडून 1 लाखावर ओव्या गोळा झाल्या.

लिहिलेल्या ओवीत आवाज नसतो. 1990 नंतर बर्नार्ड बेल हे संगीताचे फ्रेंच अभ्यासक या कामात आले आणि ओव्या टेपवर घेतल्या गेल्या. 1996 साली ही मंडळी बीड जिल्ह्यात माजलगावला गेली. तिथल्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. जी ओवी रामाला आणि विठ्ठलाला गात होती, तीच भीमरायालाही गाऊ लागली होती. नागपूरची 1956 ची दीक्षा आपल्या वर्ध्याला काही लांबची नाही. म्हणजे हा आपल्याही घरचा इतिहास आहे.

पुढं 2004 साली गी गेले, 2010 साली हेमाताई गेल्या. टेपा आणि कागद मागं राहिले. गाणाऱ्या बाया म्हाताऱ्या होत होत्या, काही जगातून गेल्याही होत्या, आणि त्यांचा आवाज मात्र त्यांच्या गावाला ऐकायला मिळत नव्हता. 2017 च्या मार्च महिन्यात ‘पारी’ नावाच्या संस्थेनं या ओव्या इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. पारी म्हणजे पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेला ग्रामीण भारताचा संग्रह. आज मोबाईलवर त्या फुकट ऐकता येतात. सोबत बाईचं नाव, तिचं गाव आणि ती काय काम करते, हेही लिहिलेलं असतं. संग्रहाची खरी किंमत या नोंदीत आहे, असं आम्हाला वाटतं.

का, ते दूरच्या एका गोष्टीवरून कळेल. अमेरिकेत मेम्फिस मिनी नावाची काळी बाई गिटार वाजवून गायची. तिच्या त्या गाण्याला ब्लूज म्हणतात, तेही कष्टकऱ्यांच्या दुःखातून आलेलं. 1927 साली मिसिसिपी नदीला महापूर आला, बांध फुटले, हजारो कुटुंबं उघड्यावर पडली. त्यावरचं गाणं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं 1929 साली रेकॉर्ड केलं. गायला तो, गिटार दोघांची. 1971 साली लेड झेपेलिन या इंग्लंडच्या बँडनं तेच गाणं आपल्या ढंगात गायलं आणि ते जगभर गाजलं. 2014 साली त्या रेकॉर्डची नवी आवृत्ती निघाली. त्यात आधी बाहेर न आलेलं ध्वनिमुद्रणही होतं, आणि शौकिनांनी ती पैसे मोजून घेतली. मिनी मात्र 1973 सालीच वारली होती. तिच्या कबरीवर नावाचा दगड लागायला 1996 साल उजाडलं, तोही बॉनी रेट या दुसऱ्या गायिकेनं पैसे दिले म्हणून. पण त्या बँडच्या रेकॉर्डवर गीतकार म्हणून तिचं नाव छापलेलं आहे. नाव नोंदलेलं होतं, म्हणूनच आज आपण तिच्याबद्दल बोलतो आहोत.

आता आपल्याकडं पाहू. भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत आपल्या विदर्भात भुलाबाईची गाणी होतात. लग्नात हळदीची गाणी होतात. पोरी मोबाईलवर व्हिडिओ काढतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. महिनाभरात ते कुठं जातं, कुणाला कळत नाही. गाणारी आजी कोण, कुठल्या गावची, गाणं कुणाकडून शिकली, काहीच लिहिलेलं नसतं. उद्या तेच गाणं कुणी बाजारात आणलं, तर हे आमच्या आजीचं, असं आपण कशावरून सांगणार?

बचत गटात आपण दहा रुपयेही वहीत मांडतो, सही घेतो. मग आजीच्या गाण्याची नोंद का नको? पुढच्या मासिक बैठकीत एक वेगळी वही घाला. गावातल्या सर्वांत वयस्क तीन बायांकडं जा. आधी त्यांना विचारा, रेकॉर्ड करू का, कुणाला ऐकवू का. नाही म्हणाल्या तर तिथंच थांबा. हो म्हणाल्या तर सुरुवातीला त्यांच्याच तोंडून नाव, माहेर, सासर आणि तारीख बोलवून घ्या, मग गाणं घ्या. एक प्रत ग्रामसंघाच्या संगणकात ठेवा, एक पेन ड्राइव्हवर त्यांच्या घरी द्या.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं म्हणतात. तेव्हा जमलं तर कोपऱ्यातलं जातं उचला, पुसा आणि मूठभर ज्वारी घेऊन आजीला त्यावर बसवा. दोघी समोरासमोर बसल्या आणि खुंटा फिरला, की विसरलेल्या ओळी हातासोबत येतात. मात्र हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. आज्या थांबत नाहीत.