१७६ बाय १७६

आजीचा शेवटचा फोटो फ्रेमसाठी मोठा करायला घेतला, तर चेहऱ्याचे चौकोन झाले. ग्रुपवर टाकताना तो आक्रसला होता, आणि मूळ फाइल फोनमध्ये जागा करायला मीच उडवली होती. म्हणे इंजिनिअर!

या चौकोनांची गोष्ट १९५७ची. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या ३ महिन्यांच्या बाळाचा, वॉल्डनचा, फोटो स्कॅन केला. १७६ बाय १७६ पिक्सेल. त्यांच्या सीॲक संगणकाच्या मेमरीत त्याहून जास्त मावत नव्हतं. चौकोन सोयीचा, म्हणून चौकोन. म्हातारपणी कर्शना तो मूर्खपणा वाटला. वेगवेगळ्या आकारांचे पिक्सेल वापरून ते वॉल्डनचाच अलीकडचा फोटो नितळ करू पाहत होते.

आजीचा फोटो मी शेवटी तळहाताएवढाच छापला. तेवढ्यात तिचे डोळे नीट दिसतात.