सॅन मरिनोचा ठेवा

दक्षिण कॅलिफोर्नियात विजेच्या ट्रामगाड्यांचे जाळे पसरविणाऱ्या हेन्री हंटिंग्टनने १९०३ साली लॉस एंजलिसजवळ सॅन मरिनो येथे एक विस्तीर्ण शेतवाडी विकत घेतली. ट्राम आणि जमिनी यांतून मिळालेले धन त्याने ग्रंथ, चित्रे व उद्याने यांवर मुक्तहस्ताने वेचले. उजाड उतारावर निवडुंगांची बाग फुलली. चर्मपत्रावर छापलेले गुटेनबर्गचे बायबल १९११ मध्ये त्याच्या संग्रही आले.

परंतु एकाचा संग्रह हा पुष्कळदा दुसऱ्याचा वियोग असतो. गेन्सबरोचे ‘ब्लू बॉय’ हे चित्र त्याने १९२१ मध्ये घेतले, तेव्हा लंडनच्या नॅशनल गॅलरीत सुमारे ९०,००० लोकांनी त्याचा निरोप घेतला.

हे ऋण फिटावे कसे? हंटिंग्टनने १९१९ मध्येच ही सारी संपदा विश्वस्तांकडे सोपविली होती. १९२७ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी तिची दारे लोकांना उघडली. १९९१ मध्ये मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांची छायाचित्रे या ग्रंथालयाने सर्व अभ्यासकांना खुली केली. तोवर ती मोजक्या विद्वानांच्याच हाती होती.

संग्रहाचे मोल खरेदीत नव्हे, अशा उघडलेल्या दारांतच असते.